धवल्यातला नवरा

“नवरी कोन?” चांगुणा आत्याने विचारलं.

काचेमागे बसलेल्या माणसाने यंत्र बंद केलं. कॅसेट कंपनीचे पोतनीस दार ढकलून आत आले आणि म्हणाले, “बाई, इथे कुणाचं लग्न नाहीये. आपण कॅसेट करतोय.”

“ता मना म्हाईत हाय,” आत्या म्हणाली. “पन धवला गायचा तर नवरी कोन आन् नवरा कोन, ता नको?”

दादरची ती खोली भिंतींना गाद्या ठोकलेली, वारा नाही, खिडकी नाही. आम्ही सकाळी रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरलो होतो, ते थेट तिथेच आलो. आत्या मुख्य माइकपुढे. मागे कोरसला बारकी काकू, तिची सून मंगल आणि मी. कोपऱ्यात ढोलकीवाला, आणि त्याच्या शेजारी मांडीवर बेंजो घेऊन गावातलाच मोरेश्वर. दुपारपर्यंत हळदीची, नाचाची, जावई चिडवायची सगळी गाणी झाली होती आणि पोतनीस खुशीत होते. त्यांनी आत्याला खाडीकाठच्या एका लग्नात ऐकलं होतं आणि तेव्हापासून कॅसेटसाठी तिची पाठ सोडली नव्हती. राहिला होता तो फक्त धवला. तोच त्यांना कॅसेटच्या सुरुवातीला हवा होता.

आमच्या आगऱ्यांच्या लग्नात भटजी उशिरा आला तरी चालतं, धवलारीण उशिरा येऊन चालत नाही. मांडवाच्या पहिल्या मेढीपासून, म्हणजे खांबापासून, हळद उतरेपर्यंत जे जे करायचं, ते तिच्या गाण्यावर होतं. नवऱ्या-नवरीचं नाव घेऊन तिने धवला म्हटला की आमच्या लेखी लग्न लागलं, पुढच्या मंगलाष्टका पाहुण्यांसाठी. माझी आत्या पंचक्रोशीतली मोठी धवलारीण, आणि तिचे नियम दोन. धवला रिकामा गायचा नाही, त्यात खरी नावं पाहिजेत. आणि एका जोडीला एकदाच.

पोतनीसांनी तोडगा काढला. राधा आणि कृष्ण घाला म्हणाले, कुणाची हरकत असणार नाही.

“त्यांचा लगीन कवा झायला?” आत्याने विचारलं.

पोतनीस म्हणाले, ठीक आहे, राम-सीता घ्या, शंकर-पार्वती घ्या.

“त्यांचा झायला ना. मग परत कसा लावू?”

काचेमागचा माणूस हसून हसून पाणी प्यायला गेला. पोतनीस मात्र डोक्याला हात लावून खुर्चीवर बसले. त्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता. ते गाण्याची कॅसेट करायला आले होते आणि आत्या त्यांच्या स्टुडिओत लग्न लावायला निघाली होती.

तेवढ्यात बारकी काकूला सुचलं. बारकी काकूला नेहमी नको तिथेच सुचतं. “आपली कुंदा हाय ना,” ती म्हणाली. “वैशाखान लगीन हाय तिचा. तिचाच लावा.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पोतनीसांच्या चेहऱ्यावर जीव आला. त्यांनी माझं अभिनंदन केलं, नवऱ्या मुलाचं नाव विचारलं. काकूनेच सांगितलं, जयेंद्र, खाडीपलीकडचे काशिनाथशेट, त्यांचा थोरला, कारखान्यात कायम आहे. मी खाली गालिच्याकडे बघत उभी राहिले.

आता जयेंद्रबद्दल सांगायला हवं. स्थळ नाकारण्याजोगं काहीच नव्हतं. नोकरी, पक्कं घर, मिठागरात वाटा. माझे बाबा धर्मा पाटील शब्दाचे पक्के, त्यांनी चार माणसांत शब्द दिला आणि साखरपुडा झाला. साखरपुड्यात फोटो काढताना माझ्या मामेबहिणीने काहीतरी कोटी केली आणि मी खळखळून हसले. जयेंद्रने कॅमेऱ्याकडे बघत बघत, साडीच्या पदराआडून माझा दंड धरला आणि चिमटीत मांस घेऊन पिरगळलं. कानाशी म्हणाला, “जास्त दात काढू नको.” त्या फोटोत तो हसतोय. मीही हसतेय.

दुसऱ्या दिवशी आत्या माझ्या केसांना तेल लावत होती. बाही वर सरकली आणि तिला ते काळंनिळं दिसलं. मी म्हटलं, दार लागलं.

“दाराला बोटा असतान काय गो?” आत्या म्हणाली.

मी रडले आणि बाबांना सांगू नकोस म्हणून तिचे पाय धरले. मला भीती एकच होती. बाबा म्हणतील, एवढं तेवढं होतच असतं, आणि मग मला बोलायला जागाच उरणार नाही. आत्याने माझं नाव न घेता बाबांपाशी एकदा विषय काढला. पोर खूश नाही वाटत, एवढंच म्हणाली. बाबांनी ताटावरून मान वर केली नाही. मी चार माणसांत शब्द दिलाय, म्हणाले. मुलीकडून मोडलेलं लग्न म्हणजे आमच्याकडे मुलीलाच डाग. आत्या भावाच्या घरात राहणारी, भावाच्या हातचं खाणारी. ती गप्प बसली. मला वाटलं, तीही हरली.

तरी मनात एक फट होती. साखरपुडा काय, साखर वाटलेली असते, माणसं शब्द फिरवतात. धवला मात्र फिरत नाही, हे मी लहानपणापासून आत्याच्याच तोंडून ऐकलेलं. आणि आता तो धवला वैशाखाची वाट न बघता इथेच, गाद्यांच्या भिंतींत लागणार होता. वर कोरस म्हणून ती ओळ मलाच उचलायची होती. मला आत्याचा राग आला. एवढ्या मोठ्या बाईला एक साधी सबब सांगता येऊ नये, घसा बसला म्हणता येऊ नये?

“चालेल का?” पोतनीसांनी विचारलं.

आत्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. पदर खोचला, माइक जवळ ओढला आणि म्हणाली, “चालंल. पन एकदाच गायीन. आधीच सांगतंय.”

काचेपलीकडून हात वर झाला. मोरेश्वरने बेंजोवर सूर धरला, ढोलकी लागली. आत्याने मांडव गायला, मेढ गायली, पाच सवाशिणी गायल्या. आमच्या तिघींच्या तोंडात त्या ओळी लहानपणापासूनच्या, आत्या जे म्हणेल ते उचलायचं, विचार करायचा नाही. मीही उचलत होते. मग नावाची ओळ आली.

*धर्माच्या दारी गो मांडव दाटला,*
*कुंदा नवरीला मोरेश्वर भेटला.*

बारकी काकू आणि मंगल सवयीने ते जसंच्या तसं म्हणून मोकळ्या झाल्या. म्हणून झाल्यावर काकूचे डोळे विस्फारले. ढोलकीवाल्याचा हात क्षणभर हवेत राहिला. मी तर ती ओळ म्हटलीच नाही, माझं तोंड नुसतं उघडं होतं. आजही कॅसेट नीट ऐकली तर त्या एका ओळीत कोरसमध्ये दोनच आवाज आहेत. बेंजो तेवढा सरळ चालला होता. आत्याने पुढच्या ओळी गायल्या, हळद उतरवली आणि थांबली.

“सुंदर,” पोतनीस म्हणाले. त्यांना काय, जयेंद्र काय आणि मोरेश्वर काय.

बारकी काकूला दम निघेना. “वन्सं, नाव चुकला,” ती म्हणाली. “जयेंद्र म्हनायचा व्हता.”

पोतनीसांनी समजूतदारपणे मान हलवली. काही हरकत नाही, पुन्हा घेऊ, त्यासाठीच तर स्टुडिओ असतो. मलाही वाटलं, झालं, दोन मिनिटांचं सुख होतं.

“परत?” आत्या म्हणाली. “लागलेला लगीन परत लावतान काय? तुमच्यात लावत असतील.”

पोतनीसांनी विनवण्या केल्या, काकूने केल्या. आत्या म्हणाली, म्हातारी झाले, जीभ घसरली, पण घसरली ती घसरली. आणि पिशवीतून डबा काढून ती भाकरी-सुकट खायला बसली. त्या बंद खोलीत सुकटीचा वास सुटल्यावर पोतनीसांनी पुढची चर्चा केली नाही. नावात काय आहे, म्हणाले, गाणं उत्तम झालंय. मोरेश्वर खाली मान घालून बेंजोच्या तारा पुसत होता. मी त्याच्याकडे बघण्याची हिंमत केली नाही.

परतीच्या लाँचमध्ये काकूने आम्हाला शपथा घातल्या. घरी काही बोलायचं नाही. कॅसेट कोण ऐकतंय, बाजारात शंभर येतात आणि जातात. आत्या खाऱ्या वाऱ्यात डोळे मिटून बसली होती. तिने एवढंच म्हटलं, “खरा हाय. कोन ऐकतंय.”

सगळ्यांनी ऐकली.

तुळशीचं लग्न लागलं, लग्नसराई सुरू झाली आणि ती कॅसेट वणव्यासारखी पसरली. पेणच्या बाजारात, अलिबागच्या एसटी स्टँडवर, टेम्पोत, सलूनमध्ये, जिथे कर्णा होता तिथे आत्या होती. तिच्या कॅसेटशिवाय हळद म्हणजे हळदच नव्हे, असं झालं. ज्यांना धवलारीण मिळत नव्हती ते कॅसेट लावून मोकळे व्हायला लागले, त्यावर आत्या चिडायची. म्हणायची, मेल्यांनो, तुमच्या मांडवात माझ्या कुंदाचं लग्न कशाला लावता? पण आतून ती सुखावली होती. पोतनीस स्वतः हार घेऊन आले, दुसरी कॅसेट करायची म्हणून मागे लागले. पहिलीच्या कितीही प्रती काढल्या तरी कमी पडतायत म्हणाले.

मी विहिरीवर गेले तरी बायका हळूच ती ओळ गुणगुणायच्या. आईने भीतीने घरातला टेप कपाटावर टाकला. बाबांच्या कानावर ती ओळ गेली होती की नाही, मला कळत नव्हतं. ते जास्तच गप्प झाले होते. वैशाख जवळ येत होता आणि माझी झोप उडाली होती. कॅसेटमुळे काही होईल अशी आशा धरायची मला भीती वाटायची, कारण आशा धरली आणि काही झालं नाही तर मी काय केलं असतं ते मलाच माहीत.

आणि मग खाडीपलीकडे जयेंद्रच्याच चुलतभावाची हळद झाली. मांडव भरलेला, काशिनाथशेट पाटावर बसून पाहुण्यांना पान देतायत, आणि कर्ण्यावर आत्याचा धवला लागला. धर्माच्या दारी मांडव दाटला, इथपर्यंत सगळे डोलत होते. पुढच्या ओळीला कुणीतरी फिस्सकन हसलं. कुणीतरी विचारलं, शेट, तुमच्या सुनेचं लग्न झालं वाटतं? म्हणतात, काशिनाथशेटांनी कर्ण्याची वायर हाताने उपटली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते आमच्या ओटीवर आले. काशिनाथशेट, त्यांचा भाऊ आणि जयेंद्र. आईने पाणी ठेवलं, कुणी प्यायलं नाही. काशिनाथशेट म्हणाले, गावोगाव तोंड दाखवायची सोय राहिली नाही. एक तर कॅसेट बाजारातून उचला, नाव बदलून परत गाऊन घ्या. नाही तर आमचा विचार आम्हाला करावा लागेल.

बाबांनी आत्याला बोलावलं. ती तांदूळ निवडत होती, सूप घेऊनच आली आणि दाराशी बसली. बाबांनी विचारलं, परत गाशील का?

“एका जोडीला एकदाच,” आत्या म्हणाली. “आन् एकदा लागलेली नवरी दुसऱ्याला लावायचा गाना मना येत नाय.”

“म्हातारे, मुद्दाम केलंस तू,” जयेंद्र म्हणाला. मग त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. मी माजघराच्या दारात उभी होते. तो दोन ढांगांत आला आणि त्याने माझा दंड धरला. तोच दंड, तीच जागा. “हिनंच शिकवला असंल. बोल, कोन हाय तो मोरेश्वर?”

मी ओरडले नाही. सवयीने तोंडावर हसू आणलं, साखरपुड्याच्या फोटोत आणलं होतं तसं. ते हसू बाबांनी बघितलं. त्याची बोटं बघितली. मग त्यांनी आत्याकडे पाहिलं. आत्या सुपातले खडे वेचत राहिली.

“हात सोर,” बाबा म्हणाले.

जयेंद्रने सोडला. त्याच्या बोटांचे वळ माझ्या दंडावर उमटले होते आणि सकाळच्या उन्हात ते सगळ्यांना दिसत होते. काशिनाथशेटही क्षणभर तिकडे बघत राहिले.

“काशिनाथशेट,” बाबा म्हणाले, “चार मानसांत शब्द दिलता मी. त्यो तुमी मोडताव का मी मोडू?”

काशिनाथशेट उठले. तुमच्या घरात बायका बोलतात आणि पुरुष ऐकतात, आम्हाला असली सोयरीक नको, म्हणाले. साखरपुड्याची साडी, अंगठी आईने पाटावर आणून ठेवली. ती उचलून ते निघून गेले. बांधावरून त्यांची पांढरी धोतरं लहान होत गेली. मी उंबऱ्यावर बसले आणि मला एवढं हलकं वाटलं की हसू की रडू तेच कळेना. आई रडत होती. लग्न मोडलं म्हणून रडतेय असं वाटलं, तर ती येऊन माझ्या दंडाला खोबरेल लावायला लागली.

बाबांनी आत्याला विचारलं, “तुला कवाधरना म्हाईत व्हता?”

“साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवसापासना.”

“मना का नाय सांगितलास?”

“सांगितला असता तर तू शब्द आन् पोर, दोनी घेऊन बसला असतास. लगीन मोडला असतास तर शब्द तुजा मोडला असता.” आत्याने सूप झटकलं. “आता शब्दपन तुजा ऱ्हायला, पोरपन ऱ्हायली.”

बाबा ओटीवरून उठले, कपाटावरचा टेप त्यांनी स्वतः खाली काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि बहिणीची कॅसेट पहिल्यांदा घरात लावली. नावाची ओळ आली तेव्हा त्यांनी मिशीवरून हात फिरवला. पण बंद केली नाही.

राहिला मोरेश्वर. त्याच्याशी माझं बोलणं म्हणजे तालमीला आमच्या अंगणात ‘सूर उंच झाला’, ‘खाली घे’, एवढंच. तालमीला ऊन आलं की तो न बोलता आपली जागा मला द्यायचा, हे मी पाहून ठेवलं होतं, पण त्याला नाव दिलं नव्हतं. सोयरीक मोडल्यावर तो आमच्या घराकडे फिरकेना. आत्या मला म्हणाली, “नाव घेतला म्हनून लगीन करायलाच पायजे, असा नाय. तुजा तू बघ.”

मीच एका सकाळी बांधावर त्याला गाठलं. मिठागरावर निघाला होता. मला एकच गोष्ट छळत होती. आत्याने नाव घेतलं तेव्हा ढोलकी अडखळली, काकू दचकली, माझा तर आवाजच गेला. याचा बेंजो का अडखळला नाही?

“मना म्हाईत व्हता,” तो म्हणाला. “आदल्या दिवशी आत्या घरी आयलेली. बोलली, कुंदाला सोडवायची हाय, एक नाव पायजे. लोक हसतील, तुला पोरी मिलायच्या नाय. देशील का?”

“आणि तू काय बोललास?”

“बोललू, घ्या.” तो पायाने बांधावरची माती दाबत होता. “आन् बोललू, कुंदाला नंतर मी नको असलो तरी चालंल. नाव परत मागनार नाय.”

मी तशीच वळले. घरी आले, आत्याच्या मांडीवर डोकं ठेवून मनसोक्त रडले, आणि ते रडणं दुःखाचं नव्हतं.

पुढच्या माघात आमचं लग्न झालं. मांडव घातला, हळद कुटली, आत्याने मेढ गायली, सवाशिणी गायल्या. नावाच्या ओळीशी आली आणि थांबली. सगळा मांडव तिच्याकडे बघत राहिला. मोरेश्वरच्या आईला घाम फुटला, तिने विचारलं, धवला का थांबवला?

“यांचा झायला ना दादरला,” आत्या म्हणाली. “एका जोडीला एकदाच. मी नाय गायची.”

आणि ती खरंच तोंड मिटून बसली. मग मागून बारकी काकूने सुरुवात केली. मग मंगलने. मग अख्ख्या मांडवाने, कारण ती ओळ पोराटोरांना तोंडपाठ होती. *धर्माच्या दारी गो मांडव दाटला.* ओटीच्या कडेला बसलेले बाबाही गात होते, बेसूर.

नवरीने आपल्या हळदीला गायचं नसतं. पण कॅसेटमध्ये माझा एक आवाज राहून गेला होता. मी मान वर केली आणि पुढची ओळ सगळ्यांच्या आधी उचलली.